सर्वोच्च न्यायालयाची पोचपावती

अत्यंत गांभीर्याने आणि पूर्ण शुद्धीत असताना मी येथे जाहीर करते की, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, हडपसरच्या दोन खोल्यांच्या घरात, गॅसच्या शेगडीशेजारी उभी राहून मी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या अधिकारांत मोठी भर घातली. घटनादुरुस्ती झाली नाही, संसदेत मतदान झालं नाही, राष्ट्रपतींची सही लागली नाही. खुद्द न्यायालयालाही ही गोष्ट आजतागायत कळलेली नाही. मी बहाल केलेले हे वाढीव अधिकार महिनाभर अमलात होते आणि तेवढ्या अवधीत त्यांनी एका बाईचं घर जवळजवळ घालवलं. हा किस्सा मी आजवर अनेक मेजवान्यांत सांगितला आहे. हातवारे करून, आवाज बदलून, लोकांना हसवून. पण दर वेळी शेवट मी कापत आले. आज तो कापायचा नाही असं ठरवून बसले आहे, बघू जमतं का.

आम्ही मूळचे अकोल्याकडचे. बाबांना हडपसरच्या एका कारखान्यात फिटरची नोकरी लागली आणि आई पाटा-वरवंटा, गोधड्या आणि आपली बोली असं सगळं घेऊन पुण्यात आली. बाबांनी आपली बोली कारखान्याच्या फाटकाबाहेर ठेवायची सवय करून घेतली. मी तर ती गिळूनच टाकली. कॉलेजात पहिल्याच आठवड्यात माझ्या तोंडून "मले काय माहीत" असं निघालं, तेव्हा बाकावरच्या दोघी एकमेकींकडे बघून काहीच बोलल्या नाहीत. पुण्यात काही न बोलणं हेही बरंच काही बोलणं असतं. मग मी वर्षभर ळ आणि ण घासून लखलखीत केले, 'अहो' आणि 'आपण' यांचा सढळ हाताने वापर सुरू केला. आई बाबांना म्हणायची, "तुमची पोरगी घरातबी बातम्या सांगितल्यासारखी बोलून राह्यली. भाजीत मीठ कमी हाये, हेबी असं सांगते की वाटते कुठी भूकंप झाला."

आमच्या खोल्या आणि लीलामावशींच्या खोल्या यांच्यामध्ये एकच भिंत होती. भिंत एक, पण मालक दोन, आणि या कथेचं सगळं दुर्दैव त्या एका गोष्टीत होतं. मावशी हडपसर गावातल्याच. नवरा लवकर गेला, मुलगी लग्न होऊन कात्रजला गेली, आणि मावशी एकट्या डबे करून द्यायच्या. आधी कारखान्यांतल्या कामगारांना, आणि कारखाने एकेक करून मंदावले तेव्हा कॉम्प्युटर शिकायला आलेल्या पोरांना. ही पोरं नागपूर, यवतमाळ, लातूर अशी कुठून कुठून यायची, एका खोलीत पाच-पाच राहायची, आणि डोळे मिटायच्या आधी अमेरिकेचं नाव घ्यायची. पहाटे पाचला भिंतीपलीकडून मावशींच्या भाकऱ्या सुरू व्हायच्या. थप, थप, थपथप, मग काठवटीत फिरवल्याचा घासल्यासारखा आवाज, मग तव्यावर पाण्याचा हात फिरल्याचा चर्र. त्या तालावर मी घटनेची कलमं पाठ केली. आजही 'मूलभूत हक्क' हे शब्द वाचले की मला ज्वारीच्या पिठाचा वास येतो. न्यायमूर्तींना असा येत असेल का, कोण जाणे. आमच्याकडून त्यांच्याकडे ठेचा आणि पातोडीची भाजी जायची, तिकडून शेंगदाण्याची आमटी यायची, आणि मधल्या ओट्यावरून मावशी रोज हाक मारायच्या, "वैशू, ये गं, मीठ बघून जा. माझ्या जिभेला आताशा काय कळत न्हाई." त्यांच्या जिभेला सगळं कळत होतं. मला सकाळी उपाशी कॉलेजला जाऊ द्यायचं नाही, एवढाच त्यामागचा कावा.

कॉम्प्युटरवाली पोरं आली तसे जमिनीचे भावही आले. मावशींचे मालक अतिशय सभ्य गृहस्थ होते. दिवाळीला फराळाचं ताट पाठवायचे, 'लीलाबाई, तब्येत बरी ना?' म्हणून चौकशी करायचे, आणि त्याच सभ्यपणे त्यांनी मावशींवर दावा लावला. राहायला दिलेल्या जागेत या बाई धंदा करतात, सबब जागा खाली करून मिळावी. जन्मभर त्यांच्या डब्यातलं पिठलं चाखून तारीफ केलेल्या माणसाने कोर्टात सांगितलं की तिथे स्वयंपाक होतो हे मला आत्ताच कळलं. दावा काही वर्षं शिवाजीनगरच्या कोर्टात रेंगाळला आणि एके दिवशी मावशींच्या विरुद्ध लागला. त्यांचे वकील साठे यांनी सांगितलं, "घाबरू नका. तीस दिवसांच्या आत जिल्हा कोर्टात अपील करायचं. मी कागद तयार करतो, तुम्ही येऊन सह्या करा."

नेमका त्याच आठवड्यात मी एक चषक जिंकला होता. लॉ कॉलेजचं माझं पहिलं वर्ष, आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धा, विषय 'सर्वोच्च न्यायालय: सामान्य माणसाचा शेवटचा आधार'. आठ दिवस मी घरात तयारी केली होती. लाटणं हातात माइकसारखं धरून मी गर्जत असे, "देशातल्या प्रत्येक न्यायालयावर ज्याचा शब्द बंधनकारक, संसदेने केलेला कायदाही जे घटनेच्या तराजूत तोलून बाजूला ठेवू शकतं, पूर्ण न्याय करण्यासाठी हवा तो आदेश देण्याचा अधिकार ज्याला घटनेनेच दिला..." आई पोळ्या लाटायची थांबून म्हणायची, "हे सुप्रीम कोर्ट कुठी असते वं?" "दिल्लीला." "मंग इथं काहून वरडते? त्यायले इथून आयकू जाते का? दे माहं लाटनं." भाषणाचा कळस असा होता की, एका कैद्याने तुरुंगातून धाडलेलं साधं पत्रदेखील या न्यायालयाने याचिका म्हणून दाखल करून घेतलं आहे. हे खरं होतं. वर्गात शिकवलंच होतं. पण मी त्यापुढे आवाज चढवून म्हणाले, "मग हा आधार शेवटचा का? तो पहिलाच का नाही?" टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळी वाजली की वाक्य खरं ठरतं, असा माझा तेव्हा समज होता, आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

निकालाच्या दिवशी संध्याकाळी मावशी आमच्या उंबऱ्यात येऊन बसल्या. रडत नव्हत्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या. आई म्हणाली, "वकील म्हनते तसं करा, अपील करून टाका." मावशी म्हणाल्या, "पुन्हा त्येच जिने, पुन्हा त्याच तारखा. पाय न्हाई उचलत आता." आणि मी, हातात चषक अजून ताजा असलेली मी, म्हणाले, "मावशी, अपील कशाला? आपण थेट सुप्रीम कोर्टाला पत्र लिहू." खोलीत शांतता झाली. अशी शांतता मला फार आवडते. "पत्रावर घेत्यात?" मावशींनी विचारलं. "घेतात. घ्यावंच लागतं. कलम बत्तीस." मावशींनी कलम बत्तीसकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं.

दोन दिवस खपून मी इंग्रजीत चार पानी पत्र लिहिलं. त्यात मावशी 'शोषितांच्या शोषित' झाल्या, सभ्य मालक 'भांडवलाचा लोभी हस्तक' झाला, आणि मावशींच्या भाकरीचा उल्लेख मी अशा शैलीत केला की लिहिताना माझे मलाच डोळे पुसावे लागले. खाली मावशींनी सावकाश, एकेक अक्षर जमिनीवर ठेवल्यासारखं, आपलं नाव लिहिलं. पत्र रजिस्टरने, पोचपावतीसह रवाना झालं. एक प्रत मी ठेवून घेतली. ती कायद्यासाठी ठेवली असं म्हणायला मला आवडलं असतं. ठेवली होती ती पुढच्या स्पर्धेसाठी.

अठराव्या की एकोणिसाव्या दिवशी पोचपावतीचं कार्ड परत आलं. त्यावर लांबट निळा शिक्का आणि एक गिचमिडी सही. मावशी ते कार्ड दोन्ही हातांत धरून आल्या. "वैशू, शिक्का हाय बघ. कोर्टाचाच हाय ना?" मी बघितलं. शिक्का टपाल घेणाऱ्या खिडकीचा होता. त्याचा अर्थ एवढाच की एक पाकीट दिल्लीत एका टेबलावर पोचलं आहे. हे मला त्या क्षणी कळलं होतं, हे इथे स्पष्ट लिहिते. पण ओट्यावर तोवर शेजारच्या बायका जमल्या होत्या, डबे न्यायला आलेली दोन पोरं थांबली होती, आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हणाले, "हो, कोर्टाचाच आहे." एक अक्षरही खोटं नव्हतं. वकिली करायला मी किती लायक होते, हे त्या एका वाक्यावरून कुणीही ओळखावं.

कार्ड देवांच्या फळीवर गेलं. त्याला हळदीकुंकू लागलं. साठे वकिलांचा निरोप आला की सह्या करायला या, तर मावशींनी उलट निरोप धाडला, "आमचं आता वरच्या कोर्टात गेलंय, तुमी तरास घिऊ नका." मालक समोरून आले तर मावशी पूर्वी पदर सावरून बाजूला व्हायच्या, आता मधूनच चालायला लागल्या. "दिल्लीला गेलंय आपलं," असं त्या भाजीवालीला, रिक्षावाल्याला, गिरणीवाल्याला सांगत, आणि प्रत्येक वेळी पुढे जोडत, "आमच्या वैशूनं धाडलं." रविवारी माझा सत्कार करायचं ठरलं. बेत शिऱ्याचा.

त्या रविवारच्या आधीच्या गुरुवारी मी आमच्या प्रधान मॅडमना सहज विचारल्याचा आव आणून विचारलं. मॅडम घटना शिकवायच्या. हळू बोलायच्या, त्यामुळे वर्गात टाचणी पडली तरी लोक तिच्यावर चिडत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मालक आणि भाडेकरू यांचं भांडण ना? मग त्याचा कलम बत्तिसाशी काय संबंध? ते मूलभूत हक्कांसाठी आहे. सरकारने तुमचा हक्क मोडला तर. पत्राची सोय केली ती कुणासाठी? जो तुरुंगात आहे, जो वेठबिगारीत अडकलेला आहे, ज्याला कोर्टापर्यंत पोचताच येत नाही, त्याच्यासाठी. तुमच्या या बाईंना वकील आहे, शिवाजीनगरला कोर्ट आहे आणि हातात मुदत आहे. त्यांना पोचता येतंय. त्यांना पोचू द्या." मग चष्मा काढून म्हणाल्या, "न्यायालय सर्वोच्च आहे म्हणजे सगळ्यांच्या वर आहे. सगळ्यांच्या आधी नाही. किती दिवस राहिलेत?"

पाच दिवस राहिले होते. मी मॅडमना म्हणाले, "भरपूर आहेत मॅडम," आणि बस पकडली.

स्वारगेटपासून हडपसरपर्यंत मी मनातल्या मनात मावशींना सांगितलं. मगरपट्ट्याशी अगदी नेमके शब्द जुळले. घरी पोचले तर मावशी रवा भाजत होत्या, तुपाचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत आला होता. "नमुना करून बघतीया," त्या म्हणाल्या. "रविवारी फसाय नको. बघ गं, साखर किती टाकू?" मी चमचाभर शिरा तोंडात घातला आणि म्हणाले, "थोडी वाढवा."

रविवारी सत्कार झाला. मला नारळ आणि ब्लाउजपीस मिळालं. मी छोटंसं भाषणही केलं. सोमवार गेला. मंगळवारी मुदत संपली आणि मला चक्क हलकं वाटलं, कारण आता सांगून काही उपयोगच नव्हता. इतकं लाजिरवाणं हलकेपण मला पुन्हा कधी वाटलेलं नाही. मी आता पन्नाशीची आहे. त्याच हडपसरात, काचेच्या इमारतीत, सॉफ्टवेअर कंपन्यांच्या करारांची कलमं तपासते. एखाद्या तरुण सहकाऱ्याने चूक लपवली की सगळे मला विचारतात, "तुम्हाला चेहऱ्यावरून कसं कळतं हो?" मी गूढ हसते.

तीन आठवड्यांनी जागेच्या ताब्याची नोटीस घेऊन कोर्टाचा बेलिफ आला. मावशींनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि फळीवरचं कार्ड आणून दाखवलं. बेलिफ वयस्कर माणूस होता. त्याने कार्ड उलटसुलट केलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "बाई, हे पोस्टाचं आहे." मावशी हसल्या. "पोस्टानंच येणार की. पर शिक्का बघा." त्याने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे.

साठे वकिलांनी मावशींना आणि मला समोर बसवलं आणि मावशींनी पुढे केलेली पत्राची माझी प्रत वाचली. चारही पानं. मग म्हणाले, "सुंदर. एकच शंका. 'भांडवलाचा लोभी हस्तक' तुमच्याकडे दिवाळीला चकल्या पाठवतो, हे कोर्टाला कळवायचं राहिलं वाटतं?" मग त्यांचा आवाज बदलला. "लीलाबाई, अजून मार्ग आहे. उशीर का झाला याचं खरं कारण सांगून विलंब माफ करा असा अर्ज करायचा. पण समोरचा वकील म्हणणार, बाईंना सही धड येत नाही, असलं इंग्रजी त्या कुठून लिहिणार? मुद्दाम वेळ काढलाय आणि मागाहून हे पत्र रचलंय. कार्ड दाखवलं तर म्हणेल, पाकीट गेलं, पण आत काय होतं ते कुणी पाहिलं? तेव्हा हे ज्याने लिहिलं आणि ज्याच्या सांगण्यावरून तुम्ही थांबलात, त्याचं प्रतिज्ञापत्र जोडू. कोण ते?"

मावशींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "येक पोरगा हुता डब्याचा," त्या म्हणाल्या. "गेला गावाकडं. नाव न्हाई ठावं."

जिन्यात मी म्हणाले, "मावशी..." त्यांनी माझा दंड धरला. "गप. तुला वकील व्हायचंय. कोर्टाच्या कागदावर तुझं नाव असं नगं. माझं काय, म्हातारीचं." आणि मी गप्प बसले. त्या माझ्या भल्यासाठी म्हणत होत्या आणि मला ते भलं हवं होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि दुसरी मी आजपर्यंत कुणाला सांगितली नव्हती.

मावशींच्या घराचं काय झालं ते आत्ताच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही त्यांच्या काळजीत पडाल आणि माझ्यावरची नजर काढून घ्याल. त्यांचा उशीर माफ झाला, अपील चाललं, आणि शेवटी मालकाने नव्या इमारतीत त्यांना खोली आणि स्वयंपाकघर देऊन मिटवलं. तिथे त्या शेवटपर्यंत भाकऱ्या थापत होत्या. पण हे माझ्यामुळे झालं नाही.

सुनावणीला मावशींच्या सोबत आई आली. मी कॉलेजचा पांढरा ड्रेस घालून सगळ्यांत मागच्या बाकावर बसले, जणू एक अभ्यासू विद्यार्थिनी कामकाज बघायला आली आहे. वहीसुद्धा उघडून ठेवली होती. समोरच्या वकिलाने साठे म्हणाले होते अगदी तेच सांगितलं. बनाव आहे, पोरगा काल्पनिक आहे, पत्र मागाहून तयार केलंय. न्यायाधीशांनी पत्र वरपासून खालपर्यंत वाचलं. मग चष्म्यावरून मावशींकडे बघत विचारलं, "बाई, हे पत्र कुणी लिहिलं? नीट आठवून सांगा. तुमचा अर्ज यावरच आहे."

"पोरगा हुता साहेब, डब्याचा."

"नाव?"

"न्हाई आठवत."

"त्याला इथे आणता येईल?"

मावशींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "न्हाई साहेब. माझीच चूक हाय. माझ्याच डोस्क्यात आलं, मीच त्येला लिव्हाय लावलं. काय व्हईल ते हु द्या."

न्यायाधीशांनी पेन उचललं. पंखा घरघरत होता. मला उठायचं होतं, असं मी मेजवान्यांमध्ये सांगते. खरं असं की मी वहीत तारीख लिहीत होते. तारीख लिहून झाली, तिच्याखाली मी रेघ मारली, पट्टी नव्हती म्हणून ती जरा वाकडी आली, आणि मी ती पुन्हा गिरवत होते, तेव्हा समोरच्या बाकावरून माझी आई, आयुष्यात पहिल्यांदा कोर्टात आलेली, कुणी विचारलेलं नसताना उभी राहिली आणि भर कोर्टात ओरडली, "सायेब, थे पत्र माह्या पोरीनं लिवलं! थे पाहा, मांगच्या बाकड्यावर बसली हाये! ऊठ वं वैशे, थे बाई तुह्यापायी खोटं बोलून राह्यली नं!"